धनवंताचा पाय

"कोणीच मानत नाही, तुमीबी मानणार नाही," झामसिंग म्हणाला, "पन साप चावलेली बाई स्वतः गाडी चालवत चिचगडहून देवरीच्या दवाखान्यात गेली. अन् गाडी सरळ लावून मगच उतरली. माही बायको होती ते."

भुपेंद्र मिस्त्रीनं बॉनेटखालून डोकं बाहेर काढलं. त्याच्या हातात एक चपटा डबा होता. इंजिन आणि गिअर, दोघांनाही हुकूम देणारा गाडीचा कंप्युटर. त्यात पाणी शिरलं होतं. महिनाभर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये अडकत होती, चालता चालता मान टाकत होती.

"बाबूजी, मी एवढंच म्हटलं, डबा बदलावा लागते. साप कुठून आला?"

"तूच म्हनला ना, हा डबा चालवनाऱ्याचा पाय शिकते?"

"हो. तुम्ही रेस किती दाबता, कवा सोडता, तसे गिअर बदलते. नवा डबा कोरा राहील. आठ-दहा दिवस चालवा, तुमचा पाय शिकून घेईल."

"माहा पाय कायले पायजे त्याले? त्यात माह्या धनवंताचा पाय आहे. तो जाईल. बदलू नको."

गोंदियाजवळच्या मुर्रीतल्या त्या गॅरेजात उमेंद्र नावाचा एक गिऱ्हाईक आपल्या जीपची वाट पाहत बसला होता. त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "काका, सापाचं अर्धवट नका सोडू."

झामसिंगला एवढंच हवं होतं. दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे गावोगावची जत्रा होती. शेजारच्या गावात दंडारीचा नाच-खेळ, सारं गाव तिकडे. झामसिंगही दोस्ताच्या जीपमध्ये बसून गेलेला. धनवंता एकटीच घरी. धानाचे भारे हलवताना साप चावला. मोबाईलला रेंज नाही. तिनं पदर फाडून पाय बांधला आणि गाडीत जाऊन बसली.

"कोणत्या पायाला चावला?" उमेंद्रनं विचारलं.

"डाव्या."

"बरं झालं, गाडी बिनाक्लचची."

"तिच्याचसाठी घेतली होती बिनाक्लचची! चालवाले असली पटाईत, का गावातल्या बाया धुणं सोडून पाहत राहत. तं जंगलात रस्त्यावर गवे आडवे. सतरा. तिनं हॉर्न नाही वाजवला. काच खाली केली अन् म्हने, बापूहो, सरका जरासे, मले साप चावला. सरकले."

"गव्यांना मराठी समजते?"

"गोंडीत बोलली. माहेर तिकडचं होतं तिचं."

भुपेंद्रला हसू आवरेना. उमेंद्रनं तर मांडीवर थाप मारली. मग भुपेंद्रनं सहज विचारलं, "मग वाचल्या ना?"

"नाही," झामसिंग म्हणाला. "उशीर झाला होता."

उमेंद्रनं उगाच रिकामा कप उचलून तोंडाला लावला.

"तीन वर्षं झाली," झामसिंग डब्याकडे पाहत म्हणाला. "देवरीच्या आधी वळण आहे. तिथं गाडी आपल्या मनानं हळू होते. मी नाही करत. ते करते. लोक म्हनतात म्हातारा झाला, कुठं नेऊन राहिला गाडी रोज रोज. आता तू हा डबा फेकून देशील, तं मी त्या वळणावर जाऊन काय करू?"

वळणावर रेस कोणाचा पाय सोडतो, ते भुपेंद्रला ठाऊक होतं. त्यानं डबा पुसला, आलटून पालटून पाहिला.

"जुन्यातली याददाश्त काढून नव्यात टाकून पाहतो. गॅरंटी नाही देत, बाबूजी. पाण्यानं काय काय खाल्लं, ते उघडल्यावरच समजेल."

डबा उघडला. आतली हिरवी पट्टी एका कोपऱ्यात पांढरी पडली होती. भुपेंद्रनं ती ब्रशनं साफ केली, वाळवली, केसासारख्या बारीक तारा जोडल्या आणि लॅपटॉप लावला. पडद्यावर याददाश्त उतरत असल्याची रेघ अर्ध्यावर येऊन मेली. पुन्हा लावली, पुन्हा मेली. उमेंद्रची जीप केव्हाच तयार झाली होती, पण तो जाईना. झामसिंग गाडीच्या बॉनेटवर तळहात ठेवून उभा होता, तापलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा.

तिसऱ्यांदा रेघ पोचली.

नवा डबा बसला. गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. झामसिंग रस्त्यावर एक चक्कर मारून आला. काच खाली केली. डोळे भरले होते.

"तिचाच," तो म्हणाला. "तिचाच पाय आहे."

तेवढ्यात त्याची मुलगी रचना स्कूटीवरून आली. गोंदियात नोकरीला होती. बाबा सकाळपासून फोन उचलत नव्हते म्हणून शोधत आली होती. भुपेंद्र हात पुसत पुढं झाला. दिवसभराचा थकवा त्याच्या तोंडावर नव्हताच.

"ताई, तुमच्या आईचा पाय वाचवला बरं का आम्ही! कमाल बाई होत्या. साप चावलेला असताना देवरीपर्यंत गाडी नेली, अन् तीही अशा जंगलातून!"

रचनानं तोंडावरचा दुपट्टा सोडला. "कोणी नेली?"

"रचना, चल, बस गाडीत," झामसिंग घाईनं म्हणाला. "घरी बोलू."

ती बसली नाही. गाडीच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

"काऊन असं सांगून राहिले बाबा लोकाईले? आईले गाडी येत नोहोती. शिकवा म्हने तं तुमी हासत होते. त्या दिवशी गाडी आंगणातून हाललीच नाही. ह्याच सीटवर बसून होती ते. तिच्या मुठीतून चावी मीच सोडवली."