पार्किंगमधला डबा

हायवेवरच्या जुन्या डान्स हॉलसमोर आमच्या ह्यांनी नेहमीप्रमाणे गाडी थांबवली. देश सोडून अर्विंग शहरात राहायला आल्यापासून दर रोड ट्रिपला आम्ही इथलं बाहेरचं बाथरूम वापरतो आणि पार्किंगमधल्या बाकावर बसून पोळी-भाजी खातो. आतून कंट्री म्युझिक ऐकू येतं, लाकडी जमिनीवर बूट वाजतात. वाटेतली खाण्याची ठिकाणं, ते सगळे जुने डायनरही मी गाडीच्या काचेतूनच पाहिलेत. “आत कशाला? आपला डबा आहे की!” असं हे दरवेळी म्हणतात. तो डबा पहाटे उठून मी भरते. आजही मी तो ह्यांच्यापुढे ठेवला. ह्यांनी झाकण काढलं. “अगं, हा रिकामा आहे!” “हो. आज पहाटे मी झोपले होते.” “मग जेवायचं काय?” “आत मिळेल ते.” “मी नाही येणार.” बँडने नवं गाणं सुरू केलं. मी ओढणी कमरेला बांधली. “मग बसा इथेच डबा सांभाळत. मी नाचायला चालले.”