पालथा ग्लास

"तो आवाज जरा कमी करा हो!" नॉर्बर्ट आत शिरताच म्हणाला.

मंगळवारची दुपार होती. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातला कोपऱ्यावरचा हा गे बार शनिवारी नुसता उसळायचा. आत्ता तिथं काळं कुत्रं नव्हतं. गाणंही बर्फाच्या यंत्राच्या घरघरीत विरून जात होतं. काउंटरमागं लिंबं चिरणाऱ्या लोरेटानं त्याला नीट निरखलं आणि गाणं बंद केलं.

नॉर्बर्टनं कागदी पिशवी काउंटरवर आपटली. आत ड्वेनचा शर्ट होता, या बारच्या बोलिंग टीमचा, पाठीवर बारचं नाव. इतकी वर्षं एका छपराखाली काढून ड्वेन घर सोडून गेला, त्यालाही आता अख्खा हिवाळा उलटला होता. शर्ट इथं टाकायचा आणि विषय संपवायचा. ड्वेन शनिवारी येतो, म्हणून तर मंगळवार.

आणि असं होतं तरी काय इथं? फिनेलचा वास, डगमगती टेबलं, धूळ खाणारा इंद्रधनुषी झेंडा. यापायी ड्वेननं सगळे शनिवार उधळले! "एकदा तरी चल की रे," म्हणून तो मागं लागायचा. नॉर्बर्टला गर्दी नको, गोंगाट नको. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी ड्वेन थकला. नॉर्बर्टला त्याचाही राग होता. थकायचं काय त्यात?

लोरेटानं एक छोटा रिकामा ग्लास त्याच्यापुढं पालथा ठेवला.

नॉर्बर्टचा पारा चढला. "म्हणजे मला मिळणार नाही? नेहमीचं गिऱ्हाईक नाही म्हणून?"

"कमाल आहे तुमची! बारमध्ये कधी पाय ठेवलाय की नाही? पालथा ग्लास म्हणजे तुमच्या ड्रिंकचे पैसे कुणीतरी आधीच देऊन ठेवलेत."

"मला कोण ओळखतं इथं?"

"ड्वेन म्हणाला होता, 'आमचं ध्यान आलंच तर बार रिकामा असताना येईल, आणि आल्या आल्या आवाजावरून कुरकुरेल. त्याला माझ्याकडून एक दे.'"

"जुनी गोष्ट असेल," नॉर्बर्ट तुटकपणे म्हणाला. "तो मला सोडून गेलाय."

"असेल. पण दर शनिवारी निघताना विचारतो, आलं होतं का आमचं ध्यान? या शनिवारीसुद्धा विचारलं."

नॉर्बर्ट स्टुलावर टेकला. त्यानं पिशवी ओढून मांडीवर घेतली.

"शनिवारी," त्यानं चिडक्या आवाजातच विचारलं, "हा तुमचा गोंगाट किती वाजता सुरू होतो?"