मान वळली की नापास

“तुमची दहा-बारा माणसं स्टेजवर चालवू. पँट गुडघ्यापर्यंत वर करून,” संयोजक म्हणाले. “लोकांना दिसायला नको का?”

“नको,” पायवाली म्हणाली.

गल्लीत तिला सगळे याच नावाने ओळखत. अपघातात, आजारात पाय गमावलेल्यांना ती नवा पाय करून देई, तोही गळक्या पत्र्याच्या शेडमध्ये. हवेत ओल आली की प्लॅस्टरचे साचे वाळत नसत आणि माणसं महिनोन्महिने ताटकळत. आता ‘देशाची शान’ म्हणून गावातल्या कर्तबगार माणसांचा सत्कार होणार होता. भिंतींवर चित्रं काढणारा चित्रकार, वस्तीत वाचनालय उघडणारे मास्तर आणि ही. प्रमुख पाहुण्यांना काम पटलं, तर शेडच्या जागी पक्की कार्यशाळा मिळणार होती. ती तिला मनापासून हवी होती. सत्कारही हवा होता. उगाच खोटं कशाला बोला?

“अहो, मग पाहुण्यांना दाखवायचं काय, माझं डोकं?” संयोजकांनी कपाळाला हात लावला.

“माणसं येतील. सगळ्यांसारखी खुर्चीवर बसतील. पाय दाखवायचा की नाही, ते ज्याचं त्यानं ठरवावं. मी कुणाला पँट वर कर म्हणणार नाही.”

तिच्या पायांची परीक्षा शेडसमोरच्या चहाच्या टपरीवर होई. नवा पाय लावलेला माणूस बाकावर बसे, उठे आणि चालू लागे. चहावाल्याची पाठ रस्त्याकडे, पण कान भलते तिखट. उठताना गुडघा जरा खट् वाजला, पाऊल जरा घासलं, की त्याची मान आपोआप वळे. मान वळली की पाय नापास. पुन्हा कामाच्या टेबलावर.

“दादा, एखाद दिवस मान आखडू दे की तुझी!” ती वैतागून म्हणे.

“आखडली तर तुझे पाय कोण तपासणार, ताई?” तो गाळणी आपटत विचारी.

सत्काराच्या दिवशी सभागृह गच्च भरलं. संयोजकांनी दारात उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाला न्याहाळलं. एक कुबडी नाही, एक चाकांची खुर्ची नाही, कुणी लंगडतसुद्धा नव्हतं. ते तणतणत तिच्यापाशी आले.

“केलीत ना फजिती? तुमचं एकही माणूस आलेलं नाही. आता कार्यशाळा विसरा!”

ती सभागृहावर एक नजर फिरवून आपल्या खुर्चीवर जाऊन बसली. चहावाल्याला तिने मुद्दाम शेजारी बसवून घेतलं होतं. त्याने नेहमीच्या कळकट शर्टाऐवजी इस्त्रीचा घातला होता आणि त्यात तो अवघडून गेला होता.

राष्ट्रगीत सुरू झालं. सभागृह एकदम उठलं. सगळ्यांचे डोळे झेंड्यावर, तिचे मात्र चहावाल्याच्या मानेवर. मागे कुठे खट् झालं असतं, तर ती मान वळल्याशिवाय राहिली नसती; सवयीला राष्ट्रगीत कळत नाही. पण मान वळली नाही. पहिल्या ओळीला नाही, शेवटच्या ओळीलाही नाही. पायवालीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आजूबाजूच्यांना वाटलं, देशप्रेम. तेही होतंच म्हणा.

मग तिचं नाव पुकारलं. टाळ्या वाजल्या, गळ्यात पदक पडलं. पाहुण्यांनी माईक जवळ ओढला.

“बाई, तुम्ही ज्यांना पाय दिलेत, त्यांच्यापैकी कुणी आलंय का इथे? मला बघायचंय त्यांना.”

संयोजकांनी मान खाली घातली.

“बघितलंत की तुम्ही,” पायवाली म्हणाली. “मघाशी राष्ट्रगीताला सगळ्यांबरोबर उभे होते.”