डेकवरचा चहा

आठ महिन्यांच्या लेकीला घेऊन क्रूझवर जायचं, हे खूळ सासूबाईंचं. सहल त्यांची, हमाली माझी, हे मी धरूनच चालले होते. पहिल्याच सकाळी डेकवर त्यांनी लेकीला माझ्या कडेवरून उचलून सासऱ्यांकडे सोपवलं आणि माझ्यापुढे वाफाळता चहा ठेवला. लेक सासऱ्यांकडून नणंदेकडे, तिच्याकडून धाकट्या दिराकडे गेली आणि दिसेनाशी झाली. मी ताडकन उठले. “बस गं. चहूकडे पाणी, जाऊन जाऊन जाणार कुठे?” “आई, पाण्याचीच तर धास्ती!” “धाकट्याने घट्ट धरलंय तिला. घरी एकटीच असतेस, इथे आम्ही सगळे आहोत ना? चहा पी.” लेक झाल्यापासून माझ्या वाट्याला निवलेलाच चहा आला होता. त्या सवयीने मोठा घोट घेतला आणि जीभ पोळली. डोळ्यांत पाणी आलं. “भाजलं?” सासूबाई घाबरल्या. “हो,” मी हसत म्हणाले, “किती महिन्यांनी!”