उगाच बंद पाडलेला रिॲक्टर

"म्हणजे तुमच्या वडिलांनी त्या दिवशी रिॲक्टर उगाच बंद पाडला, असंच हे सांगतंय ना?" मुख्य अभियंत्यांनी पडद्याकडे बोट दाखवत विचारलं.

"हो," ती म्हणाली.

बैठकीच्या खोलीत कुणीतरी हसू दाबलं. या कारखान्यात तिच्या वडिलांचं नाव 'ब्रेक' पडलं होतं. ते निवृत्त झाले तरी नाव मागे राहिलं आणि ती इथे नोकरीला लागली तेव्हा आपोआप 'ब्रेकची मुलगी' झाली. तिने ते कधी मनाला लावून घेतलं नाही. आपलं काम चोख आहे, हे तिला ठाऊक होतं.

काम होतं रिॲक्टरची संगणकावर हुबेहूब नक्कल उभी करण्याचं. खऱ्या रिॲक्टरमध्ये जाड तेल निखाऱ्यासारख्या तापलेल्या उत्प्रेरकाच्या बारीक पुडीला भिडतं आणि फुटून त्याचं पेट्रोल होतं. पुडीवर काजळी चढते. मग ती पूड एका उभ्या पाइपातून शेजारच्या भट्टीत उतरते. तिथे हवा सोडून काजळी जाळतात आणि पूड पुन्हा कामाला लावतात. इकडे तेलाची वाफ, तिकडे हवा, आणि मधे पाइपात साचलेल्या पुडीचं बूच. ते सुटलं, हवा उलटी चढून वाफेला भेटली, की स्फोट.

त्या दिवशी दोन्हीकडच्या दाबातला फरक दाखवणारा काटा घसरू लागला होता, म्हणजे बूच सुटत असल्याची शंका. नियंत्रण कक्षात वडील होते. त्यांनी कुणालाही न विचारता लाल बटण दाबलं. नंतर रिॲक्टर उघडून पाहिला, तर सगळं ठाकठीक. पाइपात पूड व्यवस्थित उभी. कारखाना कितीतरी दिवस बंद राहिला आणि वडिलांची बढती हुकली ती हुकलीच.

आता ते बटण दाबायचं काम संगणकाकडे जाणार होतं. काटा कुठवर घसरला की बंद करायचं, एवढंच ठरायचं होतं. म्हणून तिने तो जुना दिवस नकलेत पुन्हा चालवला, फक्त बटण दाबलं नाही. काटा घसरला, थबकला आणि आपणहून वर आला.

"मग या यंत्रणेला जरा धीर धरायला शिकवू," मुख्य अभियंते खुशीत म्हणाले. "उद्या आकडा पक्का करून टाकू."

संध्याकाळी ती आईवडिलांकडे गेली. वडील गॅलरीत टेबलफॅन खोलून बसले होते. तिने आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं.

आतून आईचा आवाज आला, "बापाला सांगायची गोष्ट आहे का गं ही?"

"सांगू दे की," वडील म्हणाले. "चुकलो तर चुकलो." त्यांनी पात्याला फुंकर मारली. "पण खरं सांगू का, मला दिसत होता नुसता तो काटा. पाइपातली पूड मोजायचं यंत्र तुंबून बसलेलं. पूड आहे हे कळलं असतं, तर मीही पाय पसरून बसलो असतो."

ते स्वतःशीच हसले आणि स्क्रू शोधू लागले. ती मात्र हसली नाही. रिॲक्टर उघडल्यावर मोजलेली पूड तिने नकलेत पहिल्यापासूनच भरली होती. म्हणजे वडिलांना जे बटण दाबल्यावरच कळू शकलं, ते तिच्या नकलेला बटण न दाबताच ठाऊक होतं!

चूक सापडली की तिचे हात शिवशिवायला लागत.

सकाळी सगळ्यांच्या आधी ती कामाला बसली. पाइपात भरपूर पूड ठेवून तिने तो दिवस चालवला, मग अर्धी ठेवून, मग अगदी तळाशी टेकलेली. सुरुवातीला काटा प्रत्येक वेळी सारखाच घसरत होता. वडिलांनी बटण दाबलं त्या जागेपर्यंत या दिवसांत काडीचाही फरक दिसत नव्हता. फरक पडायचा तो नंतर. काही वेळा काटा मुकाट्याने वर यायचा. काही वेळा बूच सुटायचं, हवा वाफेत घुसायची आणि तापमानाची रेघ पडद्याबाहेर निघून जायची.

"काल मी चुकीचं सांगितलं," बैठक सुरू होताच ती म्हणाली आणि सगळ्या रेघा एकापाठोपाठ एक दाखवल्या. "यातला आपला दिवस कुठला, हे त्या वेळी कुणालाही कळलं नसतं. आकडा ठेवायचा तो माझ्या वडिलांनी बटण दाबलं तिथेच."

मुख्य अभियंत्यांनी चष्मा काढला. "हे तुम्ही मुलगी म्हणून बोलताय का?"

"मुलगी म्हणून बोलायचं असतं, तर काल 'हो' म्हटलं नसतं, साहेब."

या वेळी कुणी हसलं नाही. साहेबांनी त्या रेघा पहिल्यापासून पुन्हा एकदा दाखवायला लावल्या.

"पटतंय," शेवटी ते म्हणाले. "पण असा आकडा ठेवला तर रिॲक्टर पुन्हा कधीतरी उगाच बंद पडणार. पाळीवरचे लोक वैतागतील."

"वैतागतील ना," ती म्हणाली. "शिव्या हासडत घरी जातील. पण सगळेच्या सगळे जातील."