शेवटी एकच मागायचं

"आकडे काढून टाक," विनोदिनीताई म्हणाल्या. "आकड्यांनी कोणाचं मन थोडीच वळतं. एका बाईची गोष्ट सांग."

गौरीने कागदावर रेघ मारली. ती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. छातीत गाठ लागली तर बायकांनी लगेच डॉक्टरांना दाखवावं, हे वर्गासमोर प्रेझेंटेशन करून पटवून द्यायचं आहे, असं तिने आईला, विनोदिनीताईंना, सांगितलं होतं. आणि पटवून देण्यात आईचा हात धरणारं उज्जैनमध्ये कोणी नाही, असं तिला वाटे. विनोदिनीताई मुलींच्या शाळेत हिंदी शिकवत. वक्तृत्वाची ढाल बहुतेक वर्षी त्यांच्याच मुली आणत.

"बाईचं नाव काय ठेवू?"

"सुलू ठेव. नाव दिलं की बाई समोर उभी राहते."

"आणि ही सुलू दाखवत का नाही?"

विनोदिनीताईंनी भराभर सांगितलं. आधी वार्षिक परीक्षा येते, मग नानाखेड्याच्या घराचं रंगकाम निघतं, मग भाच्याचं लग्न. शिवाय दुखत तर नाही, मग घरच्यांना उगाच काळजी कशाला, असं सुलू स्वतःला समजावते. गौरीने खाली मान घालून सगळं लिहून घेतलं.

आठवडाभर रोज संध्याकाळी तालीम चालली. गौरी खिडकीशी उभी राही, विनोदिनीताई पलंगावर बसून ऐकत आणि मध्येच अडवत. प्रश्न विचारलास की तीन मोजेपर्यंत गप्प राहा. मुख्य वाक्य पुन्हा पुन्हा येऊ दे. सगळ्या वर्गाकडे पाहू नकोस, एकीच्या डोळ्यांत बघून बोल. शेवटी दहा गोष्टी मागू नकोस. एकच माग, आणि तीही आजच करता येईल अशी.

शेवटच्या तालमीला गौरी कागदाशिवाय बोलली.

"सुलू कोणासाठी थांबली आहे?" तिने विचारलं आणि ती गप्प राहिली. मग आईच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "फक्त एक फोन करा. आजच."

"बस, उद्या असंच बोल," विनोदिनीताई म्हणाल्या आणि पलंगावरून उठल्या.

दुसऱ्या दिवशी गौरी कॉलेजला गेल्यावर त्यांनी फ्रीगंजच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. छातीतली, काखेजवळची गाठ त्यांच्या हाताला चार महिन्यांपूर्वी लागली होती. घरात कोणालाच सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी गौरीला विचारलं, प्रेझेंटेशन कसं झालं, मुलींना पटलं का.

"एकीला तरी पटलं असावं," गौरी म्हणाली.

सोनोग्राफी झाली, सुईने नमुना घेतला गेला. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस विनोदिनीताईंनी शाळेत वह्या तपासत काढले.

"साधी गाठ आहे, कॅन्सर नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायचं, एवढंच.

विनोदिनीताई दवाखान्याच्या पायरीवरच बसल्या. कितीतरी दिवसांनी त्यांना मोकळा श्वास घेता आला. मग समोरच्या ठेल्यावर त्यांनी पोहे घेतले आणि उभ्यानेच खाल्ले.

तिथून त्या सरळ गौरीच्या कॉलेजात गेल्या. लेकीला सांगायचा धीर अजून होत नव्हता, पण आभार तर मानायलाच हवे होते. तिच्या शिक्षिका देवश्री मॅडम व्हरांड्यातच भेटल्या. विनोदिनीताईंनी गाठीचं काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, की तुम्ही गौरीला प्रेझेंटेशनसाठी जो विषय दिलात, त्याने एका बाईचा जीव भांड्यात पडला.

देवश्री मॅडम गोंधळल्या.

"कोणतं प्रेझेंटेशन, ताई? या वर्षी तर आम्ही कोणालाच दिलेलं नाही."