नावं बदलली आहेत

"समदं वाचलंय म्या, बाई. पैल्यापास्नं," मल्हारी आबा म्हणाले आणि पुढं केलेला पाण्याचा तांब्या त्यांनी हातानंच मागं सारला.

ललिताबाईंनी तांब्या तसाच खाली ठेवला. भर उन्हात मांडवगणहून शिरूरला आलेला म्हातारा पाणी नको म्हणतो, म्हणजे तो पाहुणा म्हणून आलेला नाही, हे काय कुणी शिकवावं लागतं? मागल्या साली आबांची लेक मोनिका बाईंच्या भावाबरोबर, सुमितबरोबर, पळून गेली. तेव्हाही आबा याच खुर्चीत बसले होते. "शप्पथ, आबा, मला काही म्हणता काही ठाऊक नाही," असं बाईंनी धडधडीत खोटं सांगितलं होतं. तेव्हा पाणी पिऊन गेले होते ते.

कॉम्प्युटर चालूच होता. दर रविवारी बाई इंटरनेटवर आपल्या घरचं, दारचं लिहायच्या. आज त्याला पाच वर्षं झाली, म्हणून सकाळपासून जुने लेख उघडून बसल्या होत्या. आईचे गुडघे, शाळेतली खिचडी, सासूबाईंची मिश्री, काय काय लिहून ठेवलं होतं! कुठल्या कुठल्या देशांतून लोक कळवायचे, ताई, अगदी आमच्याच घरातलं वाटतं. बाईंना ते फार गोड लागायचं. आणि कौतुक गोड लागलं की लिहिणाऱ्याचा हात आखडत नाही.

"तुम्ही कधी शिकलात हो कॉम्प्युटर?" बाईंनी हसून बघितलं.

"म्या कुठला! आमचा थोरला, पोपट, कंपनीतनं छापून आनतो आन् जेवनं झाल्याव मला वाचून दावतो. झ्याक लिवता तुमी. येकदा तर रडलो की म्या."

"कशावर?"

"फुगडीवर."

बाईंनी घाईघाईनं तो लेख उघडला. तशा त्या हुशार. मोनिकाची सई केली होती, सुमितचा अजय, मांडवगणचं नुसतं 'एक गाव'. खाली तळटीपसुद्धा टाकायच्या, नावं बदलली आहेत म्हणून. माणसांची बदलली आणि आबांच्या म्हशीचं, फुगडीचं, ठेवलं तसंच! म्हशीचं नाव बदलायचं कुणाच्या डोक्यात येतं हो? सई झोपेत 'फुगडे, हो, हो' म्हणते, असं डोळे पुसत पुसत लिहून टाकलं होतं त्यांनी.

"खुट्याभवती गरागरा फिरायची, म्हून म्याच ठिवलं ते नाव," आबा म्हणाले. "दुसरी फुगडी हाय का तालुक्यात? मंग पोपटानं मागचं-फुडचं समदं जुळीवलं. पिठाच्या गिरनीवरली खोली. भांड्याव पीठ बसतं. रातीला इंजनाचा भोंगा. पोरगा दुपारपतूर कामाव. आन् जंक्शन."

आमच्याकडं जंक्शन म्हटलं की शेंबडं पोरही दौंड म्हणेल. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. बाईंनी दर रविवारी तिचं एकेक बोट स्वतःच्या हातानं उघडलं होतं.

"सातवा लागलाय म्हनं तिला." आबांचा आवाज जरासा हलला. "करवंदं मागती. लेकीचं डव्हाळं बापानं छापलेल्या कागदाव वाचायचं, बाई!"

बाईंना त्यांची खरोखर दया आली. "आबा, झालं गेलं विसरा. पदरात घ्या पोरीला. तुमचंच नातवंड आहे ते."

"माजं काय, म्या पिकलं पान. पर पोपटाचं ठरल्यालं लगीन मोडलं तिच्यापायी. गावात तोंड दावाय जागा न्हाई त्याला. त्यो ऐकतोय व्हय कुनाचं?"

"पोपट कुठं आहेत?"

"हाय की."

एवढंच म्हणून आबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. बाई चहाचं निमित्त करून आत गेल्या. दौंड काय हाकेवर नव्हतं, धावत जाऊन पोचायला. त्यांनी मोनिकाचा नंबर लावला. आहे तशी बाहेर पड, सुमितच्या कारखान्यावर जा, नाहीतर सरळ पोलिसांत जाऊन बस, एवढंच सांगायचं होतं.

मोनिकानं लगेच उचलला. तिला धाप लागली होती, पण आवाज असा, की वर्षभरात बाईंनी तो ऐकला नव्हता. "ताई, दादा आलाय! मी खिडकीतनं बघितलं. हातात डबा हाय ओ त्याच्या! आईनंच दिला असंल कायतरी. ताई, मला म्हायती व्हतं, दादा न्हाई ऱ्हायचा माज्याबिगर!"

"मोनिका, दार लाव! आधी आतनं कडी लाव!"

"काय? ऐकू यीना ताई, खाली गिरनी चालूय. जिना चढतोय त्यो. ठिवते हां, मंग करते."

फोन बंद झाला. बाईंनी पुन्हा लावला. वाजत राहिला, वाजत राहिला, कुणी उचलला नाही.

त्या वळल्या तर आबा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. पटका नीट करत होते, निघायच्या तयारीत.

"लागला न्हवं फोन?" त्यांनी विचारलं. "आता ह्ये बी लिवा ऐतवारी. आमी वाचतोच."